स्पॅनिश बी१ : ‘होता’ची सहा रूपं आणि विध्यर्थाची मदत

स्पॅनिशच्या बी१ या मधल्या पातळीच्या टप्प्यातला जवळजवळ सगळा वेळ दोन गोष्टींवर गेला : भूतकाळातलं ‘असणं’ आणि सुबहुंतीवो, म्हणजे इच्छा, शंका वगैरे सांगताना लागणारं क्रियापदाचं वेगळं रूप. बाकीचं व्याकरण अधेमधे. घरी मराठी बोलणाऱ्या आणि स्पॅनिश शिकणाऱ्या मंडळींना उपयोग व्हावा म्हणून वहीतल्या नोंदी जरा नीट लावून इथे देते आहे. आता माझं ठाम मत झालंय की या पातळीवर इंग्रजी स्पष्टीकरणं बाजूला ठेवून थेट मराठीतून विचार करावा. बरंचसं व्याकरण आपल्या घरातलंच निघतं. जे निघत नाही, ते नेमकं कुठे अडतं हेही स्वच्छ दिसतं आणि सरावाचा वेळ तिथेच घालता येतो.

लिप्यंतराबद्दल एवढंच : उच्चार लॅटिन अमेरिकेतले धरलेत, म्हणून स्पेनमधला ‘थ’ नाही. जोता म्हणजे j या अक्षराचा खरखरीत उच्चार ‘ह’ने दाखवलाय. ‘व’ लिहिलाय तिथे स्पॅनिश माणूस ‘ब’च्या जवळचं काहीतरी म्हणतो.

सुबहुंतीवोपासून सुरुवात करते. स्पॅनिश शिकवणाऱ्या सेर्वांतेस संस्थेच्या अभ्यासक्रमात वर्तमान सुबहुंतीवो बी१ला येतो आणि भूतकाळी बी२ला, म्हणजे या पातळीचा उंबरठाच हा. रूपं बनवायला अवघड नाहीत. ‘यो’चं (‘मी’चं) रूप घ्यायचं, शेवटचा ‘ओ’ काढायचा आणि उलटा स्वर लावायचा : मूळ रूप ‘आर’ने संपणाऱ्या क्रियापदांना ‘ए’, ‘एर’ आणि ‘ईर’ने संपणाऱ्यांना ‘आ’. आब्लोचं आब्ले, कोमोचं कोमा, तेंगोचं तेंगा, दीगोचं दीगा, कोनोस्कोचं कोनोस्का. सेर, एस्तार, इर, आबेर, साबेर आणि दार ही सहा तेवढी चाकोरीबाहेरची : सेआ, एस्ते, वाया, आया, सेपा, दे. पिएन्से पण पेन्सेमोस, दुएर्मा पण दुर्मामोस, हे मात्र पाठच करावं लागतं.

वापर कुठे करायचा याची पुस्तकांतली यादी ठरलेली असते : इच्छा, शंका, भावना, गरज. यादी पाठ होते, पण बोलताना आठवत नाही. मला वाट सापडली ती शाळेत शिकलेल्या क्रियापदाच्या चार अर्थांमध्ये : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. ‘किएरो वेनिर’ म्हणजे ‘मला यायचंय’. ‘किएरो के वेंगास’ म्हणजे ‘तू यावंस असं मला वाटतं’. कर्ता बदलला की आपण ‘यायचं’ सोडून ‘यावंस’वर जातो आणि स्पॅनिशही नेमकं तिथेच रूप बदलतं. ‘एस नेसेसारियो के एस्तुदिए’ म्हणजे ‘त्याने अभ्यास करावा हे गरजेचं आहे’. ‘ते रेकोमिएंदो के दुएर्मास’ म्हणजे ‘तू झोपावंस असं मी सुचवते’. तोंडात ‘आवा-आवी-आवं’ आलं की सुबहुंतीवो, हे मी डोळे मिटून पाळते.

आदरार्थी आज्ञा पाहा. ‘उस्तेद’ला (आदरार्थी ‘आपण’ला) आज्ञा करताना स्पॅनिश सुबहुंतीवोच वापरतं : पासे, सिएन्तेसे. आपण पाहुण्यांना काय म्हणतो? आत यावं, बसावं. हा योगायोग कळला त्या दिवशी मी पुढचा अभ्यास थांबवून नुसती अशीच वाक्यं लिहीत बसले होते.

आशीर्वादाचं रूपही जुळतं. ‘ओहाला युएवा’ म्हणजे ‘पाऊस पडो’. ‘के ते वाया बिएन’ म्हणजे ‘तुझं भलं होवो’. ‘के एन पास देस्कान्से’ म्हणजे ‘आत्म्याला शांती लाभो’. १५ सप्टेंबरच्या रात्री मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष राष्ट्रीय प्रासादाच्या सज्जातून ‘वीवा मेहिको’ अशी घोषणा देतात. तो ‘वीवा’ म्हणजे विवीर क्रियापदाचा सुबहुंतीवो, आणि आपल्या मोर्चातला ‘विजय असो’ व्याकरणाने त्याचा सख्खा भाऊ. अशी वाक्यं आधी पाठ केली की रूपं कानात बसतात, नियम मागून येतो.

दोन ठिकाणी मराठीत ‘आवा’ नाही, तरी दुसरी खूण आहे. पहिलं, अजून न घडलेल्या गोष्टीचं ‘कुआंदो’ (जेव्हा). ‘कुआंदो येगेस, आब्लामोस’ म्हणजे ‘तू पोचलास की बोलू’. घटना पुढची, पण आपण रूप भूतकाळाचं लावतो : पोचलास. रोजच्या सवयीबद्दल बोलताना मात्र ‘तू येतोस तेव्हा’, आणि स्पॅनिशमध्येही साधं ‘कुआंदो येगास’. पुढच्या गोष्टीसाठी ‘-लास की’ तोंडात आलं, तर सुबहुंतीवो. दुसरं, ‘बुस्को उना कासा के तेंगा बाल्कोन’. म्हणजे ‘बाल्कनी असेल असं घर शोधतेय’, घर अजून डोळ्यांसमोर नाही. ‘बुस्को ला कासा के तिएने बाल्कोन’ म्हणजे ‘बाल्कनी आहे ते घर शोधतेय’, घर ठाऊक आहे, पत्ता सापडत नाही. ‘असेल असं’ आणि ‘आहे ते’ एवढा फरक कानाने ओळखता येतो, त्यासाठी कोणताही तक्ता लागत नाही.

याच वाक्यातून कर्माआधी ‘आ’ कधी लावायचा हा प्रश्नही सुटतो. ‘वेओ ला कासा’, पण ‘वेओ आ मि एर्माना’. आपणही ‘घर बघते’ म्हणतो पण ‘बहिणीला बघते’. लग्नासाठी ‘मुलगी शोधतात’, हरवलेल्या ‘मुलीला शोधतात’. तसंच ‘बुस्को उन मेदिको’ म्हणजे कोणीही डॉक्टर चालेल आणि ‘बुस्को आ उन मेदिको’ म्हणजे मनात एक ठरावीक डॉक्टर आहे. मराठीत ‘ला’ प्रत्यय लागतो तिथे स्पॅनिशमध्ये ‘आ’.

आता मराठी जिथे साथ देत नाही ते. ‘नो क्रेओ के वेंगा’ म्हणजे ‘तो येईल असं वाटत नाही’. ‘क्रेओ के विएने’ म्हणजे ‘तो येईल असं वाटतं’. मराठीत दोन्हीकडे ‘येईल’. ‘मे आलेग्रा के एस्तेस आकी’ म्हणजे ‘तू इथे आहेस याचा आनंद वाटतो’, आणि इथे तर ‘आहेस’ ही उघड वस्तुस्थिती. तिला सुबहुंतीवो का लागावा? ‘अनिश्चित असेल तेव्हा सुबहुंतीवो’ हा नियम इथे कोसळतो. मला पटलेलं उत्तर असं : मी तुला काय कळवतेय हे विचारायचं. तू इथे आहेस हे तुला ठाऊकच आहे, ती बातमी नाही. बातमी माझ्या आनंदाची आहे. जे मी स्वतःची माहिती म्हणून सांगत नाही, ते सुबहुंतीवोत. ‘येईल असं वाटत नाही’मध्येही त्याचं येणं मी माहिती म्हणून सांगत नाही. एवढ्या एका प्रश्नावर भावना आणि शंका हे दोन्ही विभाग एकाच ठिकाणी येतात, म्हणून वेगळ्या याद्या मी काढून टाकल्या.

भूतकाळाची बाजू लढवायला जास्त कठीण गेली, आणि कारण आपल्या ‘होता’मध्ये आहे. ही सहा वाक्यं मी एका पानावर लिहून भिंतीवर लावली आहेत. घर मोठं होतं : ला कासा एरा ग्रांदे. दार उघडं होतं : ला पुएर्ता एस्ताबा आबिएर्ता. रस्त्यावर खूप माणसं होती : आबिया मूचा हेन्ते. काल मोर्चा होता : आयेर उबो उना मानिफेस्तासियोन. तो चार वर्षं अध्यक्ष होता : फुए प्रेसिदेन्ते कुआत्रो आन्योस. आम्ही तिथे दोन तास होतो : एस्तुविमोस आयी दोस ओरास. मराठीत एकच क्रियापद, स्पॅनिशमध्ये सहा रूपं. इथे भाषांतर करून काहीच हाती लागत नाही, आधी दोन प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न काळाचा : गोष्ट संपलेली, मोजलेली म्हणून सांगतेय की चालू असलेलं चित्र दाखवतेय? चार वर्षं, दोन तास असं माप घातलं की फुए आणि एस्तुवो. ‘मोर्चा होता’च्या जागी ‘मोर्चा झाला’ म्हणून पाहा, अर्थ टिकतो, म्हणून उबो. ‘घर मोठं झालं’ म्हटलं तर अर्थच बदलतो, म्हणून एरा. स्पॅनिश बातम्या वाचताना ही जोडी सतत दिसते : अपघाताच्या बातमीत ‘नो उबो एरीदोस’, कोणी जखमी झालं नाही. तिथे ‘नो आबिया’ लिहिलं तर बातमीदार घटनास्थळी उभा राहून आजूबाजूला बघतोय असं वाटेल. सवय सांगताना तर आपल्याकडे स्वतंत्र रूपच आहे. ‘आजोबांकडे जायचो’ म्हणजे ‘इबामोस’, ‘आजोबांकडे गेलो’ म्हणजे ‘फुइमोस’. ‘-यचो’ आलं की इम्पेर्फेक्तो, म्हणजे एरा, इबामोससारखा चालू भूतकाळ, यात अपवाद अजून भेटला नाही.

दुसरा प्रश्न सेर की एस्तारचा. दोन्हींचा अर्थ ‘असणं’, आणि तिथे ‘कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार’ हे सूत्र टाकून द्यावं असं मला मनापासून वाटतं. ‘एस्ता मुएर्तो’, तो मेलेला आहे. याहून कायमचं काय असणार? तरी एस्तार. ‘एस होवेन’, तो तरुण आहे. तारुण्य सरतं, तरी सेर. कशाच्या तरी परिणामाने आलेली अवस्था एस्तारकडे जाते : उघडलेलं, मोडलेलं, दमलेलं, मेलेलं. आपल्या ‘-लेलं’ने निम्म्याहून जास्त काम भागतं. जागा सांगताना एस्तार, पण समारंभ असेल तर सेर. ‘दोंदे एस्ता एल नोवियो’, नवरदेव कुठे आहे? ‘दोंदे एस ला बोदा’, लग्न कुठे आहे? मराठीत दोन्हीकडे ‘आहे’, पण लग्नाला ‘होणार आहे’ लावता येतं, नवरदेवाला नाही. ‘होणार’ बसलं की सेर. ही चाचणी मला कोणत्याही पुस्तकात मिळाली नाही, सरावातून हाती आली आणि सभा, परीक्षा, मैफल, सगळीकडे चालली.

याच काळातली सर्वांत सुखाची गोष्ट म्हणजे अर्थ बदलणारी क्रियापदं. ‘साबिया’ आणि ‘सूपे’, ‘कोनोसिया’ आणि ‘कोनोसी’ या जोड्यांसाठी पुस्तकं वेगळी चौकट करतात. मराठीत त्यांना वेगळे शब्दच आहेत. साबिया म्हणजे माहीत होतं, सूपे म्हणजे कळलं. कोनोसिया म्हणजे ओळखत होते, कोनोसी म्हणजे ओळख झाली. तेनिया उन इहो, तिला मुलगा होता. तूवो उन इहो, तिला मुलगा झाला. नो केरिया वेनिर, त्याला यायचं नव्हतं. नो किसो वेनिर, तो यायला तयारच झाला नाही. एका बैठकीत संपलं.

‘से मे कायो एल वासो’ही तसंच. माझ्या हातून ग्लास पडला. मी पाडला असं नाही. पडणं-पाडणं, फुटणं-फोडणं, तुटणं-तोडणं अशा जोड्या आपण लहानपणापासून वापरतो, त्यामुळे ‘से’ची ही तऱ्हा समजवावी लागत नाही. ‘से मे ओल्विदारोन लास यावेस’, किल्ल्या घरीच राहिल्या. क्रियापद किल्ल्यांप्रमाणे अनेकवचनी, दोन्ही भाषांत. ‘मे गुस्तान लोस मांगोस’बद्दल तर बोलायलाच नको, मला आंबे आवडतात.

क्रियापदांच्या जोडण्या पटकन झाल्या. सीगे योविएंदो, पाऊस पडतोच आहे. से पुसो आ योरार, ती रडायला लागली. आंदा दिसिएंदो, तो सांगत फिरतो. ‘आसे त्रेस आन्योस के विवो आकी’ हे तर ‘तीन वर्षं झाली, मी इथे राहते’ याच घाटाचं वाक्य, आणि क्रियापद दोन्हीकडे वर्तमानात.

पोर आणि पारा मात्र अजून सुटलेलं नाही. ‘साठी’ दोघांनाही पुरतो हीच अडचण. ‘भावासाठी काम करते’ म्हटलं की स्पॅनिश माणूस विचारणार, भाऊ मालक आहे की त्याच्या बदली तू जातेस? ‘त्राबाहो पारा मि एर्मानो’ म्हणजे भावाकडे काम करते. ‘त्राबाहो पोर मि एर्मानो’ म्हणजे भावाऐवजी, किंवा भावाखातर. सध्या ‘साठी’च्या जागी ‘खातर’, ‘ऐवजी’, ‘बद्दल’, ‘मुळे’ यांपैकी काही बसतं का ते पाहते. बसलं तर पोर. लिहिताना जमतं, बोलताना वेळ लागतो. सर्वनामांचंही तसंच : ‘ले लो’चं (‘तिला ते’चं) ‘से लो’ होतं हे कळलंय, पण ‘से लो दिहे आ मि माद्रे’ म्हणताना आई आधीच ‘से’मध्ये येऊन गेलेली असते आणि तरी ‘आ मि माद्रे’ पुन्हा म्हणायचं, याची जिभेला सवय व्हायची आहे. इथे पाठांतराला पर्याय नाही. रोज मोठ्याने वाक्यं म्हणते.

देले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेचा विचार आहे. बी१ला वाचन ७० मिनिटं, श्रवण ४०, लेखन ६० आणि तोंडी १५, त्याआधी तयारीला आणखी १५. वाचन आणि लेखन मिळून ५० गुण, श्रवण आणि तोंडी मिळून ५०, आणि दोन्ही गटांत किमान ३० हवेत. म्हणजे चांगल्या लेखनाने कच्चं श्रवण झाकता येत नाही. म्हणून लेखनाचा वेळ थोडा कमी करून रेडिओवरच्या बातम्या ऐकते आणि ऐकलेली घटना भूतकाळात सांगून स्वतःचा आवाज रेकॉर्ड करते. एरा-फुएची निवड वेगात करायला याच्याइतका चांगला व्यायाम मला दुसरा सापडला नाही.

पुढचं पान संकेतार्थाचं, अभ्यासक्रमात बी२ला असलं तरी. ‘वेळ असता तर गेले असते’ हे आपण आजच्या वेळेबद्दलही म्हणतो आणि गेल्या वर्षीच्या वेळेबद्दलही. स्पॅनिशमध्ये आजचं ‘सि तुविएरा तिएम्पो, इरिया’ आणि गेल्या वर्षीचं ‘सि उबिएरा तेनिदो तिएम्पो, आब्रिया इदो’. ‘होता’सारखाच गुंता आहे असं दिसतंय, त्यामुळे भिंतीवर दुसरा कागद लावून त्यावर आधी मराठी वाक्यं लिहून घेणार आहे.