आमची वाटचाल : चौकोनी पेटीकडून डिकीच्या कोपऱ्याकडे

आमच्या दुकानाची सुरुवात एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) चौकोनी सबवूफर पेट्यांनी, म्हणजे गाडीतला बास वाजवणाऱ्या स्पीकरच्या पेट्यांनी झाली. हॅचबॅकमध्ये अशी पेटी ठेवली की सामानाला डिकी उरत नाही, म्हणून चाकाच्या कमानीमागच्या कोपऱ्यात चपखल बसणाऱ्या फायबरच्या पेट्यांकडे वळलो. चुका दुरुस्त करत आज जी पद्धत ठरली आहे, ती नवशिक्यांसाठी मांडतो.

आधी कोपऱ्यावर मास्किंग टेपचे दोन थर आडवे-उभे, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल आणि वर मेणाचं पॉलिश. गालिच्यावर सांडलेलं रेझिन पुन्हा निघत नाही. आत वळलेली खाच दिसली तर ती पुठ्ठ्याने बुजवा, नाहीतर वाळलेला साचा गाडीतच अडकतो. स्टेपनी आणि जॅक काढायची वाटही आत्ताच तपासा.

10 इंची सबसाठी (सबवूफरसाठी) कोपऱ्याचं क्षेत्रफळ साधारण एक चौरस मीटर धरा. चौरस मीटरला 450 ग्रॅम भरणाऱ्या मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) सहा थर म्हणजे 2.7 किलो मॅट आणि तिच्या सव्वादोन पट, म्हणजे सहा किलोंच्या आसपास पॉलिस्टर रेझिन. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं रसायन) आधीच मिसळलेलं रेझिन घ्या. सुटं कोबाल्ट आणि हार्डनर (रेझिन वाळवणारं द्रव) एकमेकांत थेट पडले तर भडका उडू शकतो. हार्डनर दीड टक्का, म्हणजे अर्धा किलो रेझिनला साडेसात ग्रॅम, आणि तेही काट्यावर तोलून. आमच्याकडे सर्वाधिक माल वाया गेला तो 'अंदाजे एक झाकण' या मापाने: जास्त पडलं की डब्यातच दगड, कमी पडलं की दोन दिवस चिकट. अर्ध्या किलोहून मोठा घाणा एकदम कालवू नका. डोळ्यांवर गॉगल आणि तोंडावर वाफ शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क हवाच; धुळीचा साधा मास्क वाफेला अडवत नाही.

गाडीत दोनच थर द्या, रोलरने फुगे काढा, पूर्ण दिवस वाळू द्या. सहाही थर एका बैठकीत दिले तर साचा तापतो, आकसतो आणि वाकडा होतो. उरलेले चार बाहेर, दोन-दोन करून. पावसाळ्यात ओलसर मॅट वापरू नका, ती नीट धरत नाही.

मग सब बसवायची 18 मिमी एमडीएफची गोल कडी साच्यावर लाकडी टेकूंवर उभी करून कडीपासून साच्याच्या कडेपर्यंत फ्लीसचं कापड ताणा, रेझिन पाजा आणि वाळल्यावर आतून मॅट द्या. सपाट रुंद भाग बोटाने दाबून दबला तर तिथे पट्टी ठोका. पेटीच हलली तर बास मरतो.

आतली जागा आम्ही कोरड्या ज्वारीने मोजतो, लिटरच्या मापाने. सबसोबतच्या कागदावरच्या आकड्याशी ताडा, आणि त्या आकड्यात सबने व्यापलेली जागा धरली आहे का तेही पाहा. जागा जास्त भरली तर आत लाकडाचे ठोकळे चिकटवा, थोडी कमी असेल तर पॉलिस्टरचा कापूस भरा. पोर्टचं (पेटीला हवेसाठी ठेवलेल्या नळीचं) गणित पक्क्या मापाशिवाय बसत नाही, म्हणून पहिली पेटी सीलबंदच करा.

लांबी (पुट्टी) आणि रंग सगळ्यात शेवटी. त्याआधी सब बसवून त्याचा कोन (शंकूसारखा पडदा) हलक्या हाताने आत दाबून सोडा. तो सावकाश वर आला तर पेटी बंद आहे. झटकन आला तर टर्मिनलभोवती (तारा जोडायच्या जागेभोवती) सिलिकॉन पुन्हा भरा.