मावशी की नर्सरी, आणि मधे अडकलेला दाखला

पहिलं हेच सांगते, बाळाचा जन्मदाखला आजच काढून त्यावरचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर न अक्षर वाचा. आमच्या बेळगावात दाखल्यावर कन्नडही असतं, ते येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या. माझा दीड महिना ह्यात गेला आणि अजून आठवलं की डोकं तापतं.

सासूबाई खानापूरकडे गावी राहायला गेल्या तेव्हा ज्ञानदा अडीच वर्षांची होती. मी उद्यमबागेत एका छोट्या युनिटमध्ये अकाउंट्स बघते. ५० किंवा जास्त माणसं असतील तर कंपनीनं पाळणाघर द्यायचं असा २०१७ पासून कायदा आहे, पण आम्ही ४० जण, म्हणजे तो विषय संपला. राहिली वडगावातली आमच्या गल्लीतली, घरी मुलं सांभाळणारी मावशी, नाहीतर टिळकवाडीतली एक नर्सरी. नर्सरीत १८ मुलं, एक टीचर, एक आया, रंगीत खुर्च्या, मला लगेच आवडली. मावशीकडे तीनच मुलं, पण मागच्या खोलीत कापड विणायचा माग चालतो त्याची मला भीती वाटत होती.

नर्सरीवाले म्हणाले दाखला आणि बाल आधार मॅच पाहिजे. आधारवर ज्ञानदा 'डी एन वाय'नं सुरू होते, दाखल्यावर 'जे एन'नं! मॅडम म्हणाल्या, दुरुस्त करून आणा, तोवर सीट धरून ठेवतो. त्यांचंही खरं होतं, १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेला हाच दाखला चालतो, आत्ता सोडलं तर पुढं रडावं लागणार.

दाखल्याच्या ऑफिसात पहिल्या दिवशी अर्जाचा नमुना मिळाला, एवढंच. दुसऱ्या खेपेला ॲफिडेव्हिट, दोघांचं आधार, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड घेऊन गेले तर क्लार्क म्हणतात चूक कुठाय, कन्नडात ज्ञ बरोबर आहे, त्याचं इंग्रजी जे एनच होतंय. मी सांगतेय की आम्ही मराठीत द्न्य म्हणतो, घरात सगळे तसंच लिहितो, ते ऐकूनच घेईनात. तिसऱ्या खेपेला सही करणारे साहेब मीटिंगला, बाकड्यावर साडेतीनपर्यंत बसून परत आले. प्रत्येक वेळी अर्धा दिवस रजा. चौथ्या खेपेला रांगेत उभी राहून दाखला परत परत वाचत होते आणि एकदम दिसलं, वडिलांचं नाव! आमच्या ह्यांचं नाव ज्ञानेश्वर, आणि त्याच कागदावर ते 'डी एन वाय'नं छापलेलं. मी खिडकीत दोन्ही नावांवर बोट ठेवलं, म्हटलं सर, एकाच कागदावर बापाचा ज्ञ वेगळा नि लेकीचा वेगळा कसा? त्यांनी चष्मा वर केला, बघितलं, आणि काही न बोलता फाइल आत पाठवली. बाहेर येऊन मी रडले खरं सांगायचं तर.

(१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात कलम १५ दुरुस्तीचंच आहे. अर्जात ते लिहा, आणि प्रत्येक वेळी पोच मागा, मी पहिल्यांदा मागितली नव्हती.)

ह्या दीड महिन्यात ज्ञानदा मावशीकडेच होती. एकदा न सांगता दुपारी गेले तर मागाची खटखट चालू, मधलं दार कडी लावून बंद, आणि पोरगी मावशीच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीवर गाढ झोपलेली, हातात ताकभाताचं शीत चिकटलेलं. मावशी म्हणाली, "आवाज थांबला की उठती बग ती." तेव्हा माझी भीती गेली. तुम्ही पण असंच न कळवता जा, दोन्हीकडे.

आता सकाळी नर्सरी, साडेबारानंतर मावशी. रेल्वेचं गेट पडलं की मला टिळकवाडीत वेळेवर पोचणं जमत नाही म्हणून आणायला मावशीच जाते. नर्सरीच्या फॉर्मवर 'मुलाला नेणारी व्यक्ती' म्हणून फोटो लागतो, तिथं मावशीचा लावलाय. नात्याच्या रकान्यात मी आजी लिहिलं.