सासवडचा तळ

दिवे घाट चढून आलो तेव्हा उजव्या टाचेला लिंबाएवढा फोड आला होता. पुणे ते सासवड ही तीसेक किलोमीटरची मजल. घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, मला कोण जुंपणार?

चूक माझीच. सगळे सांगत होते, जुन्या चपला घाल. मी हट्टाने नवे बूट घेतले. फेब्रुवारीत ऑफिसात बढती हुकली, माझ्याच हाताखाली शिकलेला मुलगा साहेब झाला, तेव्हापासून घरी, लोकलमध्ये, देवासमोर तोच पाढा चालू होता. खरं सांगायचं तर वारीला आलो तोही विठोबाला जाब विचारायलाच.

दिंडीत परभणीकडच्या एक काकू होत्या. दिवसभर डोक्यावर तुळस. माझा पाय बघून म्हणाल्या, "फोडू नको, माउली. सुईनं दोरा ओवायचा, पाणी आपसूक निघतं." (डॉक्टर यावर रागावतात, हे मला माहीत आहे.) मग कंबर चाचपत, "पण सुई चंचीत हाय, अन् चंची पडली घाटात." परतीच्या एसटीचे पैसेही त्यातच होते. आवाजात काही फरक नाही.

"घरी पेरणी झाली?" मी उगाच विचारलं.

"पाऊस पडला की पोरगा पेरील. न्हाई पडला तर मी तिथं बसून काय ढग ओढणार हाय?"

रात्री तळावर समाजआरतीला दिंड्या पालखीभोवती उभ्या राहिल्या. हजारो टाळ एकदम वाजत होते. चोपदारांनी दंड उंचावला, लांबलचक "होऽऽ" झाली आणि सगळं चिडीचूप. फक्त एका कोपऱ्यात टाळ वाजतच राहिले. मला वाटलं, यांना ऐकू गेलं नाही. शेजारचे विणेकरी हळूच म्हणाले, "त्यांची तक्रार आहे." ज्या दिंडीची तक्रार असते ती टाळ थांबवत नाही. हा पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबांच्या शिस्तीतली ही रीतच. चोपदार तिकडे गेले. पाण्याच्या टँकरचं काहीतरी होतं. बोलणं झालं, टाळ थांबले. तक्रार पूर्ण मिटली की उद्यावर गेली, ते आम्हाला कळलं नाही. पण ऐकली गेली आणि टाळ थांबले.

माझे फेब्रुवारीपासून वाजत होते. तेही कोणासमोर उभं न राहता.

आरतीआधी सापडलेल्या वस्तू पुकारल्या. एक चष्मा, एक छत्री, एक चंची. काकू गर्दीतून अशा सुटल्या की मला लंगडत गाठताही येईना. आत काय आहे ते विचारल्यावर त्यांनी सुपारीच्या खांडांपर्यंत सगळं मोजून सांगितलं.

परत येऊन कंदिलाजवळ बसल्या, सुई ज्योतीवर धरली. "पाय कर हिकडं. अन् वरडू नको, लोकं झोपल्यात."