तुम्ही विचारलंत म्हणून : कर्डीच्या राजधानीचे काय झाले?

जॉर्ज मॅकडोनाल्ड या स्कॉटिश लेखकाच्या राजकन्या आयरीन आणि कर्डी यांच्यावरील दोन कादंबऱ्या मी ज्यांना ज्यांना वाचायला सुचवते, त्यांच्याकडून काही दिवसांनी हमखास एकच प्रश्न येतो. पहिला भाग घरात सगळ्यांना आवडलेला असतो, धाकट्यांनी तो पुन्हा पुन्हा वाचून घेतलेला असतो. दुसरा भाग संपतो तेव्हा मात्र मूल हिरमुसते, आईवडील नाराज होतात आणि मला विचारतात, की इतका काळाकुट्ट शेवट लेखकाने केलाच कशासाठी आणि मुलांना तो वाचू द्यावा का. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते. शेवट सांगितल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्यामुळे तो इथे उघड होणार आहे.

'द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन' हा पहिला भाग १८७२ साली पुस्तकरूपाने आला. डोंगरावरच्या वाड्यात राहणारी आठ वर्षांची आयरीन, त्याच वाड्याच्या माळ्यावर सूत कातत बसलेली तिची गूढ खापरपणजी, भुयारांतून वर येऊन राजकन्येला पळवून नेऊ पाहणारे विद्रूप गॉब्लिन आणि त्यांचा कट हाणून पाडणारा खाणकामगाराचा मुलगा कर्डी, अशी ही गोष्ट आहे. 'द प्रिन्सेस अँड कर्डी' हा दुसरा भाग १८७७ मध्ये मुलांच्या एका मासिकात क्रमशः आला आणि १८८३ साली त्याचे पुस्तक झाले. यात कर्डी ग्विंटीस्टॉर्म या राजधानीत जातो. तिथे राजवैद्य आणि दरबारी मिळून आजारी राजाला औषधाच्या नावाखाली हळूहळू संपवत असतात. सोबत आलेल्या विचित्र जनावरांच्या मदतीने कर्डी तो दरबार साफ करतो.

पुढे कर्डी आणि आयरीन यांचे लग्न होते, ते राजा-राणी होतात, राज्य सुखाने नांदू लागते. कुठलीही परीकथा इथे थांबली असती. मॅकडोनाल्ड आणखी मोजकीच वाक्ये लिहितात आणि त्यांत सांगतात, की या दोघांना मूल झाले नाही, त्यांच्यामागे लोकांनी एक राजा निवडला, त्याला सोन्यापलीकडे काही दिसत नव्हते आणि त्याच्यासोबत प्रजाही झपाट्याने जुन्या वळणावर गेली. राजधानी एका प्रचंड खडकावर वसलेली आणि सोने त्या खडकाच्या पोटात. कर्डीचा बाप पीटर आणि त्याच्यामागून आलेले खाणकामगार यांनी वरच्या शहराचा भार पेलण्यासाठी दगडाचे खांब राखून ठेवले होते. सोने आटू लागले तेव्हा नव्या राजाने तेच खांब तासायला लावले. हजार वर्षांच्या ओक वृक्षाएवढा त्यांचा घेर होता, तो पन्नास वर्षांच्या फर वृक्षाएवढा होईपर्यंत ते तासले गेले. मग एके दिवशी भर दुपारी, गजबज ऐन भरात असताना, अख्खे शहर कोसळते. खडकाच्या जागी दगडांवर आदळत जाणारी नदी उरते, भोवती रान माजते आणि ग्विंटीस्टॉर्म हे नावही कुणाच्या तोंडी राहत नाही.

हे वाचून वाचक चिडतात, आणि ती चीड मला समजते. 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' हे शब्द कानावर पडत वाढलेल्या आपल्यासारख्यांना तर गोड शेवट हा ऐकणाऱ्याचा हक्कच वाटतो. काही पालक लग्नापाशी थांबून पुस्तक मिटतात. काहीजण म्हणतात, की शेवटी सगळे पाण्यात जाणार होते तर कर्डीने एवढा जीव धोक्यात का घातला. मोठ्यांच्या जगातही दोन्ही भागांचे नशीब सारखे नाही. आपल्या अवघ्या आयुष्यात ज्याने फरक पडला, असे इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटन यांनी १९२४ साली ज्या पुस्तकाविषयी लिहिले, तो पहिला भाग होता. नार्नियाच्या गोष्टी लिहिणारे सी. एस. लुईस यांनी मात्र १९४६ मध्ये मॅकडोनाल्डच्या उताऱ्यांचे संकलन करताना त्यांच्या थोर कृतींमध्ये कर्डीची दोन्ही पुस्तके धरली, आणि मी त्यांच्या बाजूची आहे.

एक खुलासा मात्र मला कधीच पटलेला नाही. मॅकडोनाल्ड यांची मुले अकाली गेली आणि त्या दुःखातून हा शेवट आला, असे पुष्कळदा सांगितले जाते. त्यांची मुलगी मेरी १८७८ मध्ये वारली आणि मुलगा मॉरिस १८७९ मध्ये. ही गोष्ट मासिकात येऊन गेली होती ती त्याच्या आधी. घरात आजारपण होते हे खरे, परंतु एवढ्या विचाराने बांधलेल्या पुस्तकाची शोकाच्या नावाखाली बोळवण करणे हा लेखकावर अन्याय आहे.

कारण शेवटाची तयारी पुस्तकाच्या सुरुवातीपासूनच चाललेली असते. पहिल्या भागात वाईटाला ओळखीची खूण होती. गॉब्लिनांचे डोके दगडासारखे टणक, पण पाय मऊ आणि बोटे नसलेले. पायावर पाय आपटला की ते हटत. ('द हॉबिट'चे लेखक टोल्किन यांनी आपल्या गॉब्लिनांवरील मॅकडोनाल्डचे ऋण मान्य करताना, त्या मऊ पायांवर मात्र आपला कधीच विश्वास बसला नाही, असे लिहून ठेवले आहे.) दुसऱ्या भागात शत्रू माणसांसारखाच दिसतो, कारण तो माणूसच आहे. खापरपणजी कर्डीला गुलाबांच्या धगधगत्या आगीत हात घालायला लावते, आणि त्या हातांना अशी शक्ती येते, की समोरच्याचा हात हाती घेताच तो आतून कोणत्या जनावराच्या दिशेने चालला आहे हे कळावे. ती हेही सांगते, की जो असा बदलत असतो त्याला स्वतःला याचा पत्ता नसतो. लगेच ती लीना नावाच्या भेसूर प्राण्याला बोलावते. तिचे अंग बेढब आणि दात भयंकर, पण तिचा पंजा हातात घेतल्यावर कर्डीला आत एका लहान मुलाचा मऊ, नीटस हात लागतो. मुलांना वाचून दाखवताना मी इथे नेहमी थांबते, कारण ती आपापला तळवा उघडून बघू लागतात.

हे प्रकरण ज्याने लक्षपूर्वक वाचले, त्याला शेवटी राजधानी कोसळल्याचे दुःख जरूर होईल, पण फसवल्यासारखे वाटणार नाही. कर्डीने दरबार साफ केला. लोकांचे हात त्याला बदलता आले नाहीत. माझ्या ओळखीच्या एका दहा वर्षांच्या मुलीने शेवट ऐकून विचारले, "मग खांब तासणारे लोक राजाला काही बोलले का नाहीत? त्यांना तर दिसत होतं ना!" पुस्तकात याचे उत्तर नाही. परंतु कर्डी खाणकामगाराचा मुलगा का आहे, हे मला तिच्या प्रश्नानंतर अधिक नेमके उमगले. कोणता खांब कशाला उभा आहे, हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्याच हातांनी तो तासला गेला.

असा शेवट मुलांना झेपेल का, ही शंका आपल्याकडे यावी याचे मला आश्चर्य वाटते. महाभारत युधिष्ठिराच्या राज्याभिषेकापाशी संपत नाही. मौसलपर्वात यादव एकमेकांना मारून संपतात आणि कृष्णाची द्वारका समुद्रात बुडते. ही कथा आपण आजीच्या तोंडून लहानपणीच ऐकलेली असते. ती ऐकून कृष्णाने केलेले सगळे वाया गेले, असे आपण म्हणत नाही.

म्हणून माझे उत्तर असे आहे, की नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना दोन्ही भाग द्यावेत, आधी पहिला आणि मग दुसरा, आणि दुसऱ्याचे शेवटचे प्रकरण त्यांना एकट्याने वाचायला न देता शेजारी बसून मोठ्याने वाचावे. लग्नापाशी थांबू नये. मूल रडले तर रडू द्यावे, चिडले तर लेखकाशी भांडू द्यावे. 'ही नुसती गोष्ट आहे' असे म्हणून त्याची समजूत घालू नये. संक्षिप्त आवृत्ती हाती आली, तर घेण्याआधी शेवटचे पान उघडून खांब आणि नदी तिथे आहेत ना, एवढे पाहून घ्यावे; नसतील तर ती प्रत परत करून पूर्ण पस्तीस प्रकरणांची आवृत्ती मागवावी.