तुम्ही विचारलंत म्हणून: चांगली चेन काढून रबराचा पट्टा कशाला?

माझ्या जुन्या मिनी गाडीच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवायला चेन होती, ती काढून मी दातेरी रबरी पट्टा बसवला. त्यावरचा हा प्रश्न मला वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या सुरात विचारतात. इथे बर्मिंगहॅमच्या आसपास जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात माझ्या मिनीचं बॉनेट उघडं असलं की लोक आधी नवऱ्याकडे बघतात. तो माझ्याकडे बोट दाखवतो, मग प्रश्न येतो. मिरजेत गॅरेज चालवणारा मावसभाऊ फोनवर विचारतो तेव्हा त्यात काळजी असते: "अगं, लोखंड काढून रबर घातलंस? डोकं ठिकाणावर आहे ना?" गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत एका काकांनी तर प्रसादाच्या रांगेत गाठलं. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

गाडी १९७८ची मिनी, तिच्यात कुणीतरी नंतर बसवलेलं १२७५ सीसीचं इंजिन. हे बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, 'ए-सिरीज' इंजिन. १९५१ साली ऑस्टिन ए३० मध्ये ८०३ सीसीचं म्हणून ते आलं आणि २००० साली लाँगब्रिजच्या कारखान्यातून शेवटची मिनी बाहेर पडेपर्यंत टिकलं. सांगलीत बाबांची अँबॅसडर होती, तिचं १४८९ सीसीचं 'बी-सिरीज' इंजिन म्हणजे याचंच थोरलं भावंड. दोन्हींत कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो आणि क्रँककडून, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याकडून, त्याला फिरवणारी आखूड चेन पुढच्या पत्र्याच्या कव्हरआड तेलात भिजत असते. क्रँकचे दोन फेरे, कॅमचा एक.

चेन ताणली असं आपण म्हणतो, पण लोखंड काही ताणत नाही. प्रत्येक कडीची पिन आणि बुश किंचित झिजते आणि सगळ्या कड्यांची झीज मिळून चेन ढिली होते. मग कॅम मागे पडतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतात. या इंजिनात प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटरही कॅमवरूनच फिरतो, त्यामुळे ठिणगीसुद्धा त्याच्याबरोबर मागे रेंगाळते. माझ्या इंजिनात एकेरी चेन होती. टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीच्या तालावर लुकलुकणारा दिवा, मारला की क्रँकपुलीवरची खूण एका जागी उभी न राहता नाचायची. सकाळी गार इंजिन चालू केलं की कव्हरमधून खडखड. ती ऐकली की मला बाबांची अँबॅसडर आठवायची, त्यामुळे दोन वर्षं मी ती खडखड प्रेमाने सहन केली.

पट्ट्याची कल्पना नवी नाही. १९६२ साली जर्मनीत हान्स ग्लास यांच्या कंपनीने १००४ या गाडीत दातेरी पट्ट्याने कॅम फिरवला. कारखान्यातून मोठ्या संख्येने निघालेली तशी ती पहिली गाडी. आणि तुम्ही मारुती ८०० चालवली असेल तर पट्ट्यावरच फिरलात, कधी मनात आलं होतं का? फक्त तिथे कॅम वर हेडमध्ये असतो, तिथपर्यंत चेन न्यायची तर ती लांबलचक लागते. माझ्या इंजिनात दोन्ही शाफ्ट वीतभर अंतरावर. म्हणजे मावसभावाचं बरोबरच आहे, पट्ट्यावाचून इथे काही अडलेलं नसतं. साध्या रस्त्यावरच्या गाडीला चांगली दुहेरी चेन घाला आणि विसरून जा, असंच मी विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना सांगते.

मग मी का घातला? कॅमचं टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह नेमके केव्हा उघडतात ते, माझ्या हाताने, हवं तितक्या वेळा बसवता यावं म्हणून. ताकद वाढावी म्हणून नव्हे. पट्टा एकही घोडा जास्त देत नाही.

पुल्यांवरचे ठिपके समोरासमोर आणले की टायमिंग बसलं, असं सगळे धरून चालतात. ते साधारण बसतं, नेमकं नाही. कॅम घासून बदललेला, ब्लॉक घासलेला, पुलीला शाफ्टवर पक्की धरणाऱ्या चावीच्या (लोखंडी पाचरीच्या) खाचेत थोडा फरक, असं करत करत चार-पाच अंश कुठेतरी हरवतात. मी क्रँकवर अंशांची चकती लावली, तारेचा काटा केला आणि बारीक हालचाल मोजणारं डायल गेज दुसऱ्या व्हॉल्व्हवर टेकवलं. पहिल्या सिलिंडरचा इनलेट, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह तो. पुढून मोजलं तर पहिला एक्झॉस्ट, मग दोन इनलेट शेजारी शेजारी. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्याची जागा थेट वाचता येत नाही, कारण कॅमचं टोक तिथे सपाटच असतं आणि गेजचा काटा बराच वेळ हलत नाही. म्हणून टोकाच्या अलीकडे आणि पलीकडे सारख्याच उंचीवर अंश वाचायचे. मला ८४ आणि १३६ मिळाले, मध्य ११०. कॅमसोबत आलेल्या कागदावर होते १०६. म्हणजे माझा कॅम क्रँकच्या हिशोबात चार अंश मागे.

चेनवर हे चार अंश भरून काढायचे तर तिरकी चावी लागते. ती घालायची, पुन्हा सगळं जोडायचं, मोजायचं, चुकलं तर दुसरी चावी. पट्ट्याच्या किटमधल्या कॅमपुलीला लांबट भोकं असतात. बोल्ट ढिले करा, क्रँक जरा फिरवा, बोल्ट आवळा, झालं. मी १०६ वर बसवलं, मग हौस म्हणून १०८ आणि १०४ दोन्ही करून पाहिलं. १०४ वर गाडी इथल्या जवळच्या लिकीच्या टेकड्यांचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये जास्त खुशीने चढते. घड्याळ लावून मोजलेलं नाही, बसल्या जागी जाणवलं तेवढंच.

ही फेरजुळणी पाच मिनिटांची आहे असं मेळाव्यात कुणी सांगितलं तर त्यांची गाडी कोणती ते विचारा. मॉरिस मायनरमध्ये इंजिन उभं आणि पुढे जागा असते. मिनीत इंजिन आडवं, टायमिंगची बाजू डाव्या मडगार्डकडे आणि मध्ये रेडिएटर. पाणी काढा, रेडिएटर काढा, पंखा काढा, मग हात आत जातो. क्रँकचा बोल्ट सोडवायला १ ५/१६ इंची सॉकेट, गाडी चौथ्या गिअरमध्ये आणि नवऱ्याचा पाय ब्रेकवर. एवढं झालं की पाच मिनिटं सुरू होतात.

आता माझी चूक. चेनला तेल लागतं, पट्ट्याला तेल चालत नाही, रबर खराब होतं. म्हणून किटमध्ये एक प्लेट येते, तिच्यात क्रँक आणि कॅम दोघांना सील असतात. तेल प्लेटच्या मागे, पट्टा पुढे कोरडा. मी सील नीट बसवले, पुल्या पट्टी धरून एका रेषेत आणल्या. पण जुन्या कव्हरवर इंजिनातला गॅस बाहेर सोडणारा ब्रीदरचा डबा होता, तो कव्हरबरोबर गेला, आणि इंजिन आता श्वास कुठून घेणार याचा मी विचारच केला नाही. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली झिरपतोच. त्याला वाट मिळाली नाही की क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, दाब साठतो आणि तेल सर्वांत कच्च्या जागेतून बाहेर येतं. तिसऱ्या आठवड्यात गाडीखाली थेंब दिसले. कव्हर उघडलं तर क्रँकच्या नव्याकोऱ्या सीलमधून तेल आलेलं आणि पट्टा चकचकीत. सील पाठवणाऱ्याला मनात दोन शिव्या घालून झाल्यावर मी तेल भरायचं झाकण उघडलं, गाडी चालू केली आणि तोंडावर फस्सकन वाफ आली. तेव्हा उमगलं. फ्लायव्हीलच्या हाउसिंगला नवा ब्रीदर करून त्याची नळी कार्ब्युरेटरकडे नेली. सील नवे, पट्टाही नवा. त्यानंतर एक थेंब नाही.

टायमिंग लाइटखाली खूण आता स्थिर उभी राहते. याचं श्रेय पट्ट्याला देताना मी जरा थांबते. रबर क्रँकचे पिळवटणारे झटके काही प्रमाणात गिळतं, ते कॅमपर्यंत आणि तिथून डिस्ट्रिब्युटरपर्यंत जात नाहीत, हे खरं. पण मी झिजलेली चेन काढून नवा पट्टा घातला. नवी दुहेरी चेन घालून पाहिली असती तर खूण कदाचित इतकीच शहाण्यासारखी वागली असती. तुलना मी केलेली नाही.

आवाजाचं मात्र गंमतशीर झालं. खडखड गेली, आणि तिच्याखाली दबलेले टॅपेट आणि ड्रॉप गिअरचं (इंजिनाची ताकद खालच्या गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या गिअरचं) कण्हणं आता स्पष्ट ऐकू येतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, काहीतरी मोडलं.

आणि हो, पट्टा तुटतो का? तुटू शकतो. झिजलेली चेन आधी आरडाओरडा करते, पट्टा न बोलता जातो. रबर गाडी उभी असतानाही म्हातारं होतं आणि मिनी वर्षाचे पाच महिने उभीच असते. म्हणून मी मैल न मोजता वर्षं मोजते. कव्हरच्या आत पांढऱ्या रंगाने बसवल्याची तारीख लिहून ठेवली आहे. मावसभावाच्या समाधानासाठी एक नवा पट्टा डिकीतही ठेवलाय. रस्त्यात त्याचा उपयोग काय, असं त्याने अजून विचारलेलं नाही. रेडिएटर कुठे असतो ते मी त्याला सांगितलेलं नाही.