झाकण

शनिवारची दुपार कलली होती. सिफनोस बेटावरच्या आर्टेमोनास गावातल्या चढाच्या रस्त्याला भिंतीची सावली धरून उभा होतो, तेवढ्यात एक मुलगी स्कूटरवरून गेली. पायांशी, आपल्याकडे गॅसचा सिलेंडर नेतात तसं, मातीचं ढेरपोटं भांडं. झाकणावरून फडकं आवळून बांधलेलं, आणि भांडं दोन्ही गुडघ्यांनी दाबून धरलेलं. तिच्या मागून एक आजोबा पायी. त्यांच्या हातातही तेच. मग एक बाई. बाईंच्या भांड्याला फडकं नव्हतं, झाकणाच्या कडेने कणीक लिंपलेली होती.

सगळी वरात बेकरीकडे चालली होती.

सिफनोस हे ग्रीसमधलं, एजियन समुद्रातलं बेट. पिरेयस बंदरातून जलद बोटीने तीनेक तास. सगळं मिळून ७४ चौरस किलोमीटर, वस्ती अडीच-तीन हजार, आणि चर्चं किती म्हणाल तर वर्षाच्या दिवसांइतकी, असं तिथलं कुणीही छातीठोक सांगतं. मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही. पांढरी घरं, निळी दारं, भिंतीवरून ओघळणारी बोगनवेल हे सगळं आहेच. पण ते सगळ्यांनी कॅलेंडरवर पाहिलेलं असतं, त्यामुळे त्याबद्दल मी गप्प बसतो.

तर त्या भांड्यांत असतो तो रेविथादा. शुक्रवारी रात्री काबुली चणे भिजत घालायचे. शनिवारी ते मातीच्या भांड्यात घालायचे. त्या भांड्याला स्केपास्तारिया म्हणतात. सोबत कांदा, ऑलिव्हचं तेल, तमालपत्राचं एखादं पान, मीठ, पाणी. झालं. बेकरीवाल्याचे दिवसाचे पाव भाजून झाले की लाकडाच्या भट्टीत गावाची भांडी ओळीने आत जातात, भट्टीचं तोंड बंद होतं, आणि रविवारी सकाळी चर्चमधून परतताना जो तो आपापलं भांडं उचलून घरी नेतो. ताटात घेतल्यावर वरून लिंबू पिळायचं. ना मोहरी, ना हळद, ना हिंग. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते तापातून उठलेल्या माणसाचं जेवण वाटलं होतं.

मी राहत होतो त्या घराच्या मालकीणबाईंना सगळे 'किरीया', म्हणजे बाई, म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. त्यांना थोडं इंग्रजी येत होतं, मला दहा-बारा ग्रीक शब्द, बाकी हातवारे. मी त्यांना विचारलं, 'किरीया, रात्री मधेच शिजलंय की नाही, पाणी आटलं की काय, हे कळतं कसं?'

'कळत नाही,' त्या म्हणाल्या. 'झोपायचं.'

हे मला झेपणारं नाही. मला झाकण उचलून बघायची खोड आहे. भात वाफेवर असला की मी उचलतो, इडलीपात्र उचलतो, ढोकळा फुगत असताना तर हमखास उचलतो. कुणाकडे जेवायला गेलो की टेबलावरची झाकलेली भांडी मला बोलावतात. आई म्हणायची, 'अरे वाफ जाते!' आता बायको म्हणते, 'अहो, हात काढा.' दोघींचं बरोबरच आहे, पण आत काहीतरी चाललंय आणि आपल्याला दिसत नाही, ही गोष्ट मला सहन होत नाही. कुकर हे एकच भांडं असं की ज्याच्यापुढे माझं काही चालत नाही. तिथेही मी शिट्टीकडे टक लावून बसतो.

या खोडीचं मूळ बहुधा आमच्या पेठेतल्या बेकरीत आहे. दिवाळीच्या आधी नानकटाई घरी व्हायची नाही, कारण घरी ओव्हन कुणाकडे होता? मैदा, रवा, पिठीसाखर आणि डालडा असं सगळं डब्यांत भरून आई मला बेकरीत धाडायची. तिथे आधीच डब्यांची रांग. ज्याचे डबे पुढे त्याचा नंबर आधी, माणूस हजर असो वा नसो. बेकरीतले चाचा भल्या मोठ्या परातीत डालडा आणि साखर तळहाताने फेसत बसलेले असायचे. खांद्यापर्यंत हात हलायचा, आणि परातीतला तो गोळा हळूहळू पांढराशुभ्र, हलका होत जायचा. मग मैदा, वेलदोडा, आणि पत्र्यांवर गोळ्यांच्या रांगा. प्रत्येक पत्र्याच्या कोपऱ्यात नावाची चिठ्ठी पिठात खोचलेली.

आईची सूचना एकच असायची. 'तिथेच बस. जिन्नस बदलतात.' कोण बदलणार, आमच्या डालड्याच्या बदल्यात दुसऱ्याचा डालडा घेऊन कुणाचं काय भलं होणार, हे मी कधी विचारलं नाही. मी बसायचो. पत्रे लांब दांड्याच्या फळीवरून भट्टीत गेले की आपल्या चिठ्ठीचा पत्रा नेमका कुठल्या कोपऱ्यात गेला ते डोळ्यांत साठवायचो, आणि भट्टीचं दार लागलं की जीव टांगणीला. चाचांना सतरा वेळा विचारायचो, 'झाली का?' ते कधी रागावले नाहीत. शेवटी वैतागून एकदा दार किलकिलं करायचे, आतून तांबूस उजेड आणि वेलदोड्याचा गरम झोत तोंडावर यायचा, आणि मला त्या अंधारात काहीसुद्धा दिसायचं नाही. तरी समाधान व्हायचं.

चिठ्ठी कधी जळायची, कधी तेलकट होऊन नाव पुसलं जायचं. मग 'ही आमची', 'नाही हो, आमच्यात जायफळ होतं' असा रंगलेला वाद. एका वर्षी आमच्याकडे शेजाऱ्यांची नानकटाई आली आणि ती आमच्यापेक्षा चांगली होती, म्हणून आईने परत करायला जरा वेळच लावला.

सिफनोसच्या भांड्यांवरही नावं असतात. मी बेकरीत जाऊन बघून आलो, झाकणं नाही, भांडीच. कुणाच्या पोटावर निळ्या ऑईलपेंटने आद्याक्षरं, कुणाच्या कानाला लाल दोरा. एकाचं झाकण दुसऱ्याच भांड्याचं, जरा लहान, आणि तीच त्याची ओळख. मला आपली भांड्यांवर नावं घालणारी माणसं आठवली. स्टीलचा डबा घेतला की दुकानाच्या पायरीवर बसलेला तो माणूस छोटंसं मशीन कर्रर्र करत फिरवायचा आणि आजोबांचं नाव, गाव, तारीख सगळं ठिपक्याठिपक्यांत उमटायचं. आजही आमच्या घरात 'सप्रेम भेट' लिहिलेली एक परात आहे. भेट देणारे कोण ते आता कुणालाच सांगता येत नाही. भांडं घराबाहेर जाणार, चार घरं फिरणार, आणि परत येणार, हे गृहीतच होतं. परत येताना रिकामं येणार नाही, हेही.

या बेटाला माती नवीन नाही. एके काळी मात्र ते सोन्याचं होतं, खरोखरीच्या सोन्याचांदीच्या खाणी होत्या इथे. इसवी सनपूर्व ५२५च्या सुमारास सिफनोसच्या लोकांनी डेल्फीच्या तीर्थक्षेत्री अपोलो देवाच्या पायाशी संगमरवराचं खजिनाघर बांधलं, ते पाहून बाकीच्यांचे डोळे दिपले. उत्पन्नाचा दहावा हिस्सा ते देवाला पाठवायचे. पुढे लोभ सुटला, हिस्सा बंद झाला, आणि समुद्र खाणींत शिरला, अशी गोष्ट पॉसेनियस या प्राचीन ग्रीक प्रवाशाने लिहून ठेवली आहे. देवाची उधारी थकवली की काय होतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही कहाणीत शोभेल. सोनं संपल्यावर उरले कुंभार. वाथी, कामारेस, खेरोनिसोस अशा किनाऱ्यावरच्या वाड्यांत त्यांची चाकं, कारण तिथूनच बोटीत माल भरायचा. सिफनोसचं भांडं विस्तवावर तडकत नाही, अशी त्याची ख्याती. घरांच्या धुराड्यांवरसुद्धा मातीचीच टोपी असते, तिला फ्लारोस म्हणतात. दुपारी गाव झोपलं की त्या टोप्याच तेवढ्या जाग्या वाटतात. झोपही कायदेशीर. उन्हाळ्यात तीन ते साडेपाच आवाज करायचा नाही, असा ग्रीसमध्ये नियमच आहे. पुणेकरांनी हे वाचून उगाच खूश होऊ नये.

किरीयांचं एक म्हणणं मात्र मला लगेच पटलं. चणे नळाच्या पाण्यात घालायचे नाहीत. अंगणाखाली हौद आहे, त्यातलं पावसाचं पाणी घ्यायचं. तिथली घरं सपाट गच्चीची, चुन्याने पांढरी केलेली. हिवाळ्यातला पाऊस गच्चीवरून पन्हळीने थेट अंगणाखालच्या हौदात उतरतो आणि उन्हाळाभर पुरवायचा असतो. हौदाच्या पाण्यात चणे लोण्यासारखे होतात, त्या म्हणाल्या, नळाच्या पाण्यात गोट्या राहतात. यात अंधश्रद्धा काही नाही. जड पाण्यातला चुना सालीला धरून बसतो आणि दाणा मऊ होऊ देत नाही. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजवायचा प्रसंग ज्या घरावर आला असेल त्या घराला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे टँकर आला की आई आधी विचारायची, 'डाळ शिजेल ना याच्यात?'

रेविथादा खाल्ला. सांगायला नको, दोनदा घेतला. कांदा पार विरघळून गेलेला, चणा जिभेवर दाबला की पीठ, आणि रात्रभर आत कोंडलेल्या तेलाचा-धुराचा वास. तापातल्या माणसाचं जेवण म्हणालो होतो ते मनातल्या मनात मागे घेतलं. हिरवी मिरची असती तर, असं एकदा वाटलं. ते बोललो नाही.

हाच पदार्थ तिथल्या जत्रेत, पानिगिरीतही असतो. त्या त्या देवळाची तसबीर वर्षभर एका माणसाच्या घरी राहते, आणि सणाला येईल त्याला जेवू घालणं ही त्याची जबाबदारी. ख्रिसोपिगीच्या मेरीमातेसारखी मोठी जत्रा असली तर या मानासाठी लोक नाव घालून वर्षानुवर्षं थांबतात. देवळाशेजारच्या लांब खोलीत पंगत बसते. एक उठली की दुसरी. मी जेवलो तेव्हा मागे उभ्या असलेल्या माणसाची पोटरी माझ्या पाठीला लागत होती आणि तो माझ्या ताटाकडे बघत होता. अगदी घरच्यासारखं वाटलं.

जेवताना किरीयांचा नातू होता. पोरगा कामसू, हसरा. तो पोहण्याचे तलाव बांधतो. नव्या बंगल्यांना, हॉटेलांना. बेटावर धंदा जोरात आहे. २०२४ साली युरोपा नॉस्ट्रा या संस्थेने युरोपातल्या सर्वांत धोक्यात आलेल्या सात वारसास्थळांत सिक्लाडीस बेटांचं, म्हणजे सिफनोस ज्यात मोडतं त्या बेटसमूहाचं, नाव घातलं, त्यात सिफनोसचा वेगळा उल्लेख आहे. कारण हेच, बेसुमार बांधकाम. शेतीच्या जुन्या दगडी ताली फोडून डोंगराच्या पोटात घरं, आणि घरापुढे निळं पाणी. समुद्र समोर शंभर पावलांवर असताना.

किरीया त्याला ग्रीकमध्ये काहीतरी बोलल्या. त्यात 'नेरो' हा शब्द दोनदा आला, पाण्याला म्हणतात एवढं मला माहीत होतं. तो हसला, माझ्याकडे बोट दाखवून इंग्रजीत म्हणाला, 'मी काय करू? पाहुणे मागतात.'

मी तलाव मागितला नव्हता. पण मी उतरलो होतो ती खोली तीन वर्षांपूर्वी त्यांचा शेळ्यांचा गोठा होती, हे किरीयांनीच पहिल्या दिवशी कौतुकाने सांगितलं होतं. शेळ्या विकल्या, भिंती रंगवल्या, स्नानघर केलं. त्या स्नानघरात मी दोन वेळा अंघोळ करत होतो, उकडतं म्हणून.

नातवाने ताट पुसून घेतलं, आजीच्या डोक्याचा मुका घेतला आणि कामाला गेला. रविवार असूनही.