तुम्ही विचारलंत म्हणून: कंपनीच्या खुर्चीत माणूस का बसवतो

मी बोर्ड गेम बनवतो, आणि गेली काही वर्षं एकाच मोठ्या गेमवर काम चाललंय. प्लासी ते पेशवाईचा शेवट, म्हणजे १७५७ ते १८१८, पाच जण, पाच तास. टेबलावर कोणीही नवीन आलं की हाच प्रश्न येतो, कॉलेजच्या पोरांकडून आणि रिटायर झालेल्या मास्तरांकडूनही: "ईस्ट इंडिया कंपनी म्हणून कशाला खेळायला लावता? आपल्याच लोकांना लुटायचं, जिंकायचं आणि वर खूश व्हायचं, हे बरं वाटतं का?" प्रश्न रास्त आहे, म्हणून एकदा नीट उत्तर लिहितो.

पहिल्या व्हर्जनमध्ये कंपनी कोणाकडेच नव्हती. पत्ता उलटायचा, कंपनी एक प्रांत गिळायची, बाकीच्यांनी तोंड द्यायचं. खेळायला सोपं होतं, पण त्यात कंपनी म्हणजे वादळासारखी काहीतरी झाली, आलं आणि गेलं, कोणाचाच हात नाही. आणि खरं तर प्रत्येक गोष्ट कोणीतरी बसून, हिशेब करून, सही करून ठरवलेली होती.

बंगालचंच घ्या. १७६५ला कंपनीला दिवाणी मिळाली, म्हणजे बंगाल-बिहार-ओरिसाचा महसूल गोळा करायचा हक्क. पाठोपाठ १७६९-७० चा दुष्काळ, बंगाली लोक त्याला छियात्तरचा मन्वंतर म्हणतात, त्यांच्या पंचांगाचं ते ११७६ साल. आता मी काय केलं होतं, तर माणसं कमी झाली की महसूल कमी, असा साधा फॉर्म्युला टाकला होता, दुसरं काही असू शकेल असा विचारही मनात आला नाही. मग कंपनीचा तेव्हाचा बंगालचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्ज, त्याचं नोव्हेंबर १७७२ चं पत्र वाचलं. तो स्वतःच लिहितो की निदान एक तृतीयांश लोक गेले, लागवड घटली, तरीही १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ पेक्षा जास्त झाली. मेलेल्या आणि पळालेल्या शेजाऱ्यांचा सारासुद्धा उरलेल्यांकडून वसूल केला जायचा. ते वाचून त्या रात्री मी फॉर्म्युला खोडला. आता दुष्काळाच्या टर्नला कंपनीवाल्यालाच ठरवावं लागतं, वसुली तेवढीच ठेवायची की सूट द्यायची. सूट दिली तर लंडनच्या डायरेक्टरांचं पत्र येतं आणि त्याची बढती अडकते.

हे ठरवायला पत्ता चालत नाही. तिथे माणूसच लागतो.

दुसरी अडचण मेलेल्यांची. युरोपा युनिव्हर्सालिस ४ हा साम्राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम मी रात्र-रात्र खेळलोय, त्या गेमने मला नकाशा वाचायला शिकवलं हे मी मोकळेपणाने सांगतो. पण त्यात वसाहत करायच्या प्रांतात स्थानिक लोक म्हणजे एक आकडा असतो, त्यांच्यावर हल्ला करायचं बटण असतं, आकडा शून्य झाला की प्रांत स्वच्छ. ते स्वच्छ होणं मला खुपतं. माझ्या बोर्डावर गावांच्या लाकडी चकत्या आहेत, दुष्काळात त्या काढायच्या नाहीत, उलट्या करून जागेवर ठेवायच्या. शेवटपर्यंत. सैन्य हलवताना, गोदाम बांधताना त्यांच्या अवतीभवतीच बोटं फिरवावी लागतात. बरेच जण म्हणतात प्रत्येक उलट्या चकतीला मायनस पॉइंट दे ना. नाही देणार, कारण मायनस पॉइंट दिला की त्या माणसांची किंमत ठरली, मग खेळाडू बरोबर हिशेब करतो की तीन गावं मेली तरी परवडतंय. एकदा कंपनी खेळणारी मुलगी जिंकली, आवरायला लागलो तेव्हा तिने कोणी न सांगता आधी त्या चकत्या मोजल्या. अकरा भरल्या.

आणि फक्त कंपनीच खेळायची असं नाहीये, पुणे दरबार आहे, शिंदे आहेत, होळकर आहेत, निजाम आहे. दुसऱ्या बाजीरावाने १८०२ला कंपनीशी केलेल्या वसईच्या तहाचा पत्ता मी उघडा ठेवलाय, अटी सगळ्यांना दिसतात: ६ हजार कवायती पायदळ लगेच मिळणार, त्याच्या बदल्यात वर्षाला २६ लाखांचा मुलूख द्यायचा आणि दुसऱ्या कोणाशीही बोलणी कंपनीला विचारून करायची. बाजीरावाला शिव्या घालत आलेला एक मुलगा पुणे दरबार खेळत होता. होळकरांकडून हडपसरची लढाई हरला, जसा २५ ऑक्टोबर १८०२ला बाजीराव हरला होता. त्याने तो पत्ता दोनदा वाचला, मग होळकर खेळणाऱ्याला म्हणाला, "तू मागे जा ना, आपण दोघं मिळून बघू." होळकर म्हणाला, "आणि विठोजीचं काय?" १८०१ला बाजीरावाने यशवंतराव होळकरांच्या भावाला, विठोजीला, पुण्यात हत्तीच्या पायी दिलं होतं, आणि ते वैर मी होळकरांच्या पाटीवर पहिल्या टर्नपासून लिहून ठेवलंय, बाजीराव गादीवर असेपर्यंत ते फिटत नाही. मुलगा जरा वेळ गप्प बसला आणि त्याने सही केली.

पुस्तकात ते एका वाक्यात उरकतं, टेबलावर त्याला दहा मिनिटं लागली, त्या दहा मिनिटांसाठी मी हा गेम बनवतोय असं म्हटलं तरी चालेल.

पण पुढचं वर्ष अजून नीट बसत नाहीये. १८०३ला शिंदे आणि नागपूरकर भोसले असईला कंपनीशी लढले आणि होळकर बाजूला राहिले, मग १८०४ला त्यांना एकट्यालाच कंपनीशी लढावं लागलं. माझ्या टेबलावर होळकर दर वेळी असईला धावून जातो, कारण खेळणाऱ्याला पुढचं माहीत असतं. त्याला अडवणारा रूल लिहिणं सोपं आहे, पण मला त्याला अडवायचं नाहीये, शिंद्यांवर विश्वास का टाकवत नाही हे त्याला आतून कळायला हवंय. सध्या शिंद्यांच्या हातात दोन गुप्त पत्ते देऊन बघतोय.